दांडी सुटली की सोडली

आधीच सांगून टाकते, मी यात फुशारकी मारणार आहे. बायकांनी स्वतःचं कौतुक केलेलं ज्यांना झेपत नाही, त्यांनी इथूनच पान उलटावं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, एक गुडघा कुरकुरत असताना आणि रात्री घामाने उशी भिजत असताना, मी सिंगापूरच्या पाण्यावर सहाच्या सहा चेंडू घेतले. हे सांगताना मी मान खाली घालणार नाही.

खेळ साधा आहे. एकच फळी, तिच्यात एकामागे एक दोन्ही पाय. पुढे मोटरबोट, बोटीला बांधलेली लांब दोरी, दोरीच्या टोकाला धरायला दांडी. बोट नाकासमोर सरळ जाते. आपण मात्र तिच्यामागे उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे पळायचं आणि पाण्यात बांधून ठेवलेल्या सहा चेंडूंना बाहेरून वळसा घालायचा. आत शिरताना दोन चेंडूंचं एक फाटक, बाहेर पडताना तसंच दुसरं. एक चेंडू चुकला की खेळ खलास. सगळे जमले तर शाबासकी म्हणून बोटीचा वेग वाढवतात आणि परत तेच करायला लावतात. वॉटर स्कीइंगमधला स्लालम म्हणतात याला. माझा नवरा 'तुझी ती फळी' म्हणतो.

सुरुवात बसमध्ये झाली. आमच्या मरीन परेडला तेव्हा एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, नव्हती, त्यामुळे तांजोंग पगारच्या ऑफिसला मी बसने जायची. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की दिवस चांगला. एका सकाळी कलांगच्या पुलावरून जाताना खाली पाण्यावर एक बाई दिसली. माझ्याच वयाची असेल, माझ्यासारखीच जरा भरलेली. ती एका चेंडूला वळसा घालून आडवी झाली, पाण्याचा मोठा पांढरा पडदा उडाला, आणि इकडे सीटवर बसल्या बसल्या माझा उजवा गुडघा आपोआप वाकला. मी पुढच्याच स्टॉपला उतरले. ऑफिसला फोन करून सांगितलं, दाढ दुखतेय. खोटं बोलायला मला कधीच फार वेळ लागलेला नाही. पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

माझे बाबा धरणावर इंजिनियर होते. माझं लहानपण धरणाच्या कॉलनीत गेलं. बाबांचे जिवलग मित्र, आमचे काका, वर्कशॉपचे इंजिनियर. दोघांचं इतकं मेतकूट की आई म्हणायची, तुमचं लग्न माझ्याशी झालंय हे अधूनमधून आठवत जा. कॉलनीतल्या हौशी मंडळींनी मिळून एक जुनी मोटरबोट आणली होती. काकांनी सागवानाची फळी तासली, तिचं टोक वाफेवर वाकवलं, पाय अडकवायला टायरच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या आणि मला म्हणाले, "चल, उभी राहा." मी बारा वर्षांची होते. प्लास्टिकच्या कॅनना केशरी रंग दिला की झाले चेंडू. मराठी शाळेत जाणारी, दोन वेण्या घालणारी मुलगी फळीवर उभी राहून पाणी कापत जायची, तेव्हा भिंतीवर बसलेली माणसं टाळ्या वाजवायची. मला ते फार आवडायचं. अजूनही आवडतं.

एकोणिसाव्या वर्षी आमच्या धरणावर तीन-चार क्लबांची मिळून स्पर्धा झाली. बोटीत मागे तोंड करून बसायला एक पंच लागतो, तो सगळं बघून लिहितो. काका पंच होते. बाबा काठावर टॉवेल घेऊन उभे. वेग ताशी त्रेचाळीस किलोमीटरचा. माझे पाच चेंडू झाले, पण पाचव्याला मला थोडा उशीर झाला. उशीर झाला की दोरी सैल पडते, आणि सैल पडलेली दोरी पुन्हा ताठ होते तेव्हा जो हिसका बसतो, त्याने हात खांद्यातून उपटून निघेल असं वाटतं. तो हिसका येताना मला दिसला. सहावा चेंडू समोर होता, अगदी समोर. आणि मी बोटं उघडली.

हे शेवटचं वाक्य बोलायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

पोहत काठाला आले. बाबांनी टॉवेल अंगावर टाकला आणि विचारलं, "सुटली ना गं दांडी?" उत्तर त्यांनीच हातात दिलं होतं. मी म्हटलं, "हो." आपली मराठी मोठी सोयीची आहे बघा. दांडी सुटली म्हटलं की दोष दांडीचा, सोडली म्हटलं की माझा. इतक्याशा फरकात मी लपून बसले.

तेवढ्यात काका बोटीतून उतरले आणि अगदी सहज म्हणाले, "सुटली नाही रे, सोडली तिने. दोरी सैल होती, मी बघत होतो ना." त्यांच्या बोलण्यात काहीही खोच नव्हती. घाबरली पोर, पुढच्या वेळी करेल, एवढाच त्यांचा अर्थ. पण बाबांचा चेहरा लालबुंद झाला. "माझी मुलगी सोडणारी नाही!" चारचौघांत, मोठ्याने. "तुझी बोटच हिसके देत होती. तिला खोटी पाडतोस?" काका म्हणाले, "मी जे बघितलं ते लिहिणार." बाबा म्हणाले, "मग लिही आणि पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस." मी टॉवेलमध्ये तोंड खुपसून उभी होते. तेव्हा एक शब्द बोलले असते तर विषय तिथेच मिटला असता. नाही बोलले.

आणि गंमत बघा, भांडणाच्या आदल्याच वर्षी दोघांनी पुण्यात एकाच सोसायटीत फ्लॅट बुक केले होते, म्हातारपणी एकत्र पत्ते कुटता येतील म्हणून. निवृत्तीनंतर दोघेही तिथेच राहायला गेले. बाबा ए बिल्डिंगमध्ये, काका बी मध्ये. रोज सकाळी दोघेही सोसायटीच्या बागेला फेऱ्या मारायचे. उलट्या दिशांनी चालले असते तर दर फेरीला समोरासमोर आले असते, म्हणून दोघेही एकाच दिशेने चालायचे, बरोबर अर्ध्या फेरीचं अंतर ठेवून. एक थांबला की दुसराही थांबायचा. वीस-बावीस वर्षं! आणि घरी पाहुणा आला की बाबांचं सुरू व्हायचं, "आमची मुलगी पाण्यावर फळीवरून पळायची. दांडी सुटली हो, नाहीतर पहिली आली असती." मी चहाचा ट्रे घेऊन उभी. पुढे लग्न झालं, नोकरी, सिंगापूर, मुलगी. फळीचं नाव मी काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, वेळ कुठे मिळतो.

तर कलांगला मी पुन्हा सुरुवात केली. बोट चालवायला एक अंकल होते. पासष्टीचे चिनी गृहस्थ, पूर्वी टॅक्सी चालवायचे, त्यामुळे नजर सतत आरशात. इथल्या रिवाजाप्रमाणे ते सगळ्यांचेच अंकल. बोटीत मागे बघत बसायला कुणीतरी हवं असतं, म्हणून मी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला बबल टीची लाच देऊन घेऊन जायची. ती सकाळी सातला तोंड वाकडं करून बसायची. "ममा, सो एम्बॅरसिंग, लाह." मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, वर वाक्यामागे इथलं 'लाह' लावून, आमच्या घरात तसंच चालतं.

पहिले चार रविवार मी उभीच राहू शकले नाही. बोट ओढायची, मी नाकाने पाणी प्यायची, आणि धाडकन खाली. पाचव्या रविवारी मी पाण्यात बसलेली, एक पाय फळीत, दुसरा अजून चाचपडतोय, लाइफ जॅकेट कानापर्यंत चढलेलं. अशा अवतारात लेकीने फोन काढला आणि माझा व्हिडिओ घ्यायला लागली. मी किंचाळले, "नको! अगं नको!" अंकलना ऐकू आलं, "नाऊ गो! नाऊ गो!" त्यांनी बोट सोडली. अशी चूक एक मराठी बाई आणि एक सिंगापूरचा अंकल मिळूनच करू शकतात. एकच पाय फळीत असताना मी ओढली गेले, शिव्या देत देत दुसरा पाय कसाबसा आत कोंबला, आणि डोळे उघडून बघते तर काय, मी उभी! चक्क उभी होते, पाण्यावर, इतक्या वर्षांनी. लेक फोन विसरून ओरडत होती. मी रडत होते की हसत होते ते मला ठाऊक नाही, तोंडावर पाणीच इतकं उडत होतं.

त्या दिवसापासून अंकल आरशातून विचारायचे, "नाको?" आणि मी ओरडायची, "नको!" बोट सोडायची खूण म्हणून इतर लोक 'हिट इट' म्हणतात. आमचं हे. मराठीत नको म्हणजे काय ते मी त्यांना पुष्कळ वेळा सांगितलं. ते म्हणायचे, नो नो, नाको मीन्स गो.

वर्षभरात मी चाळीसच्या वेगाला सहाही चेंडू घ्यायला लागले. मग त्रेचाळीस. पाच चेंडू व्हायचे, आणि सहाव्याला माझ्या हातातून दांडी जायची. दर वेळी. बोटीपाशी पोहत जाऊन मी म्हणायची, "हँडल स्लिप्ड." एकदा अंकलनी इंजिन बंद केलं, बोटीच्या कडेवरून वाकले आणि म्हणाले, "नॉट स्लिप, लाह. यू लेट गो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, तुम्ही पुढे बघून बोट चालवता, तुम्हाला काय माहीत? त्यांनी आरशाकडे बोट दाखवलं आणि शांतपणे समजावलं. दोरी ताठ असताना हात निसटला तर दांडी उसळते, सरळ बोटीच्या दिशेने उडत येते, कधी कधी बोटीवर आदळतेसुद्धा. दोरी सैल असताना सोडली तर ती पाण्यावर गपचूप पडून राहते. "युअर वन," ते म्हणाले, "ऑल्वेज स्लीपिंग."

घरी येऊन मी भांडी आपटली. नवऱ्याने काय झालं विचारलं, त्याच्यावरही ओरडले. मग आंघोळीला गेले आणि शॉवरखाली उभी राहिल्यावर कळलं की मला राग अंकलचा आलेला नाही. दोरी सैल होती, मी बघत होतो ना. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेतल्या, काकांचं नावही न ऐकलेल्या माणसाने तेच सांगितलं होतं. म्हणजे काका खरे होते. ते मला पहिल्यापासून माहीत होतं, पण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा कबूल केलं, तेही बाथरूममध्ये, एकटीने.

पुढच्याच महिन्यात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बी बिल्डिंगमधले आपले ते... दिवाळी झाली की कायमचे बंगलोरला चाललेत, मुलाकडे. फ्लॅट विकला म्हणे."

"बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? तासभर एकच पान उघडं ठेवून पेपर वाचत बसलेत."

फोन ठेवला आणि मी बोटांवर वर्षं मोजली. बाबा एक्याऐंशीचे, काकाही तेवढेच. आता गेले की गेले. लगेच उलटा फोन करून खरं सांगायला काय जात होतं? लेकीने तेच विचारलं. मी तिला सगळं सांगितलं होतं, कुणाला तरी सांगायला हवंच होतं. ती म्हणाली, "जस्ट टेल आजोबा, व्हॉट इज द प्रॉब्लेम?" प्रॉब्लेम असा की बाबांच्या म्हातारपणात त्यांच्याकडे सांगायला एक गोष्ट होती, आणि ती मीच खोटी दिली होती. ती काढून घ्यायची तर तिच्या जागी ठेवायला काहीतरी खरं हवं. रिकाम्या हाताने मला ते करवेना. दिवाळीच्या आधी क्लबची स्पर्धा होती. मी ठरवलं, तिथे त्रेचाळीसला सहावा चेंडू घ्यायचा आणि त्याच दिवशी फोन करायचा. आणि नाही जमलं तर? तरीही त्याच दिवशी फोन करायचा. पण जमवायचंच.

मग मी हात धुऊन मागे लागले. आमच्या बिल्डिंगखाली म्हाताऱ्यांच्या व्यायामाचा कोपरा आहे, तिथल्या सळईला रोज संध्याकाळी ऑफिसच्या कपड्यांत लोंबकळायची. दोन चिनी आज्या बाकावर बसून आपल्या भाषेत माझे आकडे मोजायच्या आणि मी लवकर खाली आले की तोंडाने च्च च्च करायच्या. अंकलनी सांगितलं होतं, दोरी सैल पडली की गुडघे वाकव, दांडी कमरेशी घट्ट धर आणि चेंडूकडे बघू नकोस, पलीकडचा काठ बघ. हिसका येणारच आहे. त्याची वाट बघ. ऐकायला सोपं वाटतं. सरावात मला ते एकदाही जमलं नाही. पाचवा चेंडू झाला की बोटं आपणहून उघडायची, घरी पोचल्यावर चपला काढाव्यात तितक्या सवयीने.

स्पर्धेच्या दिवशी पंचेचाळीसच्या वरच्या बायकांच्या गटात आम्ही तिघी. हसू नका, तिघी म्हणजे गट असतो. अंकलच बोट चालवणार होते. मला त्यांनी लांबूनच अंगठा दाखवला. पंच म्हणून एक गंभीर बाई बोटीत वही घेऊन बसल्या होत्या. चाळीसचा वेग मी आरामात पार केला. काठावर नवरा टॉवेल धरून उभा, लेक फोन धरून. आता त्रेचाळीस, म्हणून मी पाण्यात दोरीची वाट बघतेय तोच विजेचा भोंगा वाजला. सिंगापूरमध्ये ढगात कुठे वीज दिसली की असा भोंगा वाजतो आणि सगळ्यांना पाण्याबाहेर यावं लागतं. दीड तास आम्ही शेडमध्ये बसलो. पाऊस पडला, थांबला, वाफ निघाली. दीड तास माझ्या बोटांना विचार करायला मिळाला. नवऱ्याने केळं दिलं. मी म्हटलं, मला उलटी होईल. तो म्हणाला, "मग नको जाऊस. कोण मारतंय तुला?" बिचारा प्रेमाने म्हणाला, पण मी असं बघितलं की त्याने केळं स्वतःच खाल्लं.

भोंगा पुन्हा वाजला, पाणी मोकळं झालं. मी उतरले. दोरी ताठ झाली. आरशात अंकलचे डोळे. "नाको?"

"नको!"

फाटकातून आत शिरले. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यानंतर मला बरं वाटायला लागलं आणि तीच चूक झाली. चौथ्याला मी चेंडू बघत बसले, पाचव्याला उशीर. वळले आणि दोरी सैल पडली. तीच ती दोरी. हिसका येताना दिसला. सहावा चेंडू समोर, आणि उजव्या हाताची करंगळी उघडायला लागली. खरंच सांगते, मला ती उघडताना जाणवली. मग दुसरं बोट.

मी जिवाच्या आकांताने ओरडले, "नको!"

बोटांना म्हटलं होतं मी. गुडघे वाकवले, दांडी कमरेशी ओढली, पलीकडच्या काठावर एक पिवळी क्रेन उभी होती तिच्याकडे बघत राहिले. हिसका बसला. डोळ्यांसमोर काजवे चमकले, खांद्यात काहीतरी कटकन वाजलं, फळी थरथरली, मी जवळजवळ पाण्याला गाल लावून गेले. पण दांडी हातात होती. सहावा चेंडू माझ्या आतल्या बाजूने गेला, मला तो दिसलाही नाही, लेकीच्या किंचाळण्यावरून कळलं. मग बाहेरचं फाटक, बरोबर दोन चेंडूंच्या मधून. अंकल नंतर म्हणाले, "व्हाय यू शाउट नाको अगेन? आय ऑलरेडी गोइंग, व्हॉट!"

पुढे शेहेचाळीसला दोन चेंडू घेऊन मी रीतसर आपटले. तिघींत दुसरी आले. पहिली आलेली ऑस्ट्रेलियन बाई साठीची होती आणि अफाट होती, तिला माझा नमस्कार. पण त्या दिवशी कलांगच्या काठावर सगळ्यांत माज कुणाला होता विचाराल तर मला. मी ओल्या कपड्यांत मेडल घालून फिरत होते. काढ म्हणाली लेक. नाही काढलं.

मग फोन. पुण्यात सकाळचे साडेदहा वाजले असतील. बाबांना आता कमी ऐकू येतं आणि कानाचं मशीन त्यांच्या डोक्यात जातं, त्यामुळे ते मशीनशिवायच बोलतात.

"बाबा, मी स्पर्धेत उतरले होते. फळीच्या. त्रेचाळीसला सहाही चेंडू घेतले."

"काय सांगतेस! शाब्बास! बघ, मी म्हणत होतो ना. तेव्हासुद्धा दांडी सुटली, नाहीतर..."

"बाबा, तेव्हा सुटली नव्हती. सोडली होती."

"हो, सुटली होती. तेच म्हणतोय मी."

"सुटली नाही, बाबा. सोडली!"

"परत सुटली?"

मग माझा धीर सुटला. भर क्लबमध्ये, हातात चिकन राइसची डिश घेतलेल्या लोकांसमोर, मी बोंबलले, "सोडली होती, बाबा! मी सोडली होती! घाबरून सोडली! काका खरं बोलत होते! मी खोटं बोलले!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण काहीतरी मोठं झालंय एवढं कळलं. पलीकडे बाबांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी फोन ठेवला.

मी तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. मेडल काढून मांडीवर ठेवलं. लेक पहिल्यांदा मराठीत बोलली, "आजोबा रागावले?" मी म्हटलं, माहीत नाही. नवऱ्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि शेजारी बसला. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला असं फोनवर सांगायचं असतं का? मेडलच्या नादात मी त्यांना तोडून टाकलं असं वाटून रडू यायला लागलं. दहा मिनिटांनी आईचा फोन. "काय गं, काय सांगितलंस? शर्ट उलटा घालून बाहेर पडलेत."

"कुठे गेलेत?"

"बी बिल्डिंगकडे वळताना दिसले गॅलरीतून."

त्यानंतरचा अर्धा तास मी काय केलं ते मला आठवत नाही. मग व्हिडिओ कॉल आला, अनोळखी नंबरवरून. स्क्रीनवर आधी नुसतं कपाळ, मग एक पांढरी भुवई, मग फोन मागे गेला आणि काका दिसले. म्हातारे, खूप म्हातारे. मागे खोक्यांत भरून ठेवलेलं सामान. शेजारच्या खुर्चीत बाबा, शर्ट उलटाच, नजर खाली.

"काय गं," काका म्हणाले, "सोडलीस ना?"

"हो काका. सोडली. चुकले मी."

"हं." त्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. मग त्यांनी घसा खाकरला, अगदी पूर्वी बोटीतून खाकरायचे तसा. "ते झालं. आजचं सांग. किती?"

"सहा."

"आणि बाहेरचं फाटक?"

"मधून गेले."

"शेवटी दोरी सैल पडली होती?"

"पडली होती, काका."

"मग?"

"धरून ठेवली."

काका बाबांकडे वळले. "धरून ठेवली म्हणते."

"म्हणते काय!" बाबांनी एकदम मान वर केली, चेहरा लालबुंद. "माझी मुलगी..." आणि तिथेच ते थांबले. तेच वाक्य होतं. दोघांनाही आठवलं, मलाही.

काकांनी खिशातून पेन काढलं, समोरच्या खोक्यावरच लिहायला वाकले आणि म्हणाले, "सोडणारी नाही. लिहितो."